झुंजार इंदुरात कसा आला : बाबुराव अर्नाळकर आणि आपली वाचणारी घरं

मागच्या बैठकीत मी हा विषय सुचवला तेव्हा दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर हसू आलं. अहिल्याबाईंची दानपत्रं, यशवंतरावांच्या मोहिमा, लालबागेची बांधणी अशा विषयांच्या रांगेत रहस्यकथाकार कुठे बसवायचा? एका ज्येष्ठ सभासदांनी तर विचारलंच, "अहो, पण अर्नाळकर मुंबईचे. त्यांचा इंदूरशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे, आणि हा निबंध म्हणजे त्याचंच उत्तर आहे. मात्र आधी एक कबुली देतो, कारण ती दिल्याशिवाय पुढचं सगळं खोटं वाटेल.

रामबागेतलं आमचं जुनं घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा माळ्यावरून पुस्तकांच्या दोन पेट्या निघाल्या. एकीत ज्ञानेश्वरी, दासबोध, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या, तांब्यांच्या कविता, मासिकांचे बांधलेले अंक. दुसरीत पातळ पातळ पुस्तकं, कुणाचं मुखपृष्ठ गेलेलं, कुणाची शेवटची पानं गेलेली, सगळ्यांचा कागद पिवळा पडून कुरकुरीत झालेला. पहिली पेटी मी जपून ठेवली. दुसरीबद्दल रद्दीवाल्यानं विचारलं, "भैया, ये पतली वाली भी?" मी म्हटलं, "हां, ये भी." त्यानं तराजूत टाकली, वजन केलं, पैसे दिले. त्या पेटीत माझ्या काकांनी आणि आत्यानं वीस-पंचवीस वर्षं साठवलेले झुंजार, काळा पहाड आणि धनंजय होते. इतिहासाच्या मंडळात बसणारा माणूस हे करतो, तेव्हा त्याला काय जपायचं ते कळतं असं म्हणवत नाही. आज मी त्यातलं एक पुस्तक शोधायला निघालो तर इंदुरात मला कुठे मिळेल, ते सांगता येत नाही.

माणूस

बाबुराव अर्नाळकर हे टोपणनाव. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म ९ जून १९०६, मृत्यू ५ जुलै १९९६. म्हणजे नव्वद वर्षांचं आयुष्य. आडनावाच्या जागी आलेलं 'अर्नाळकर' हे वसईजवळच्या अर्नाळा गावावरून. तिथला समुद्रातला किल्ला पहिल्या बाजीरावाच्या वेळी मराठ्यांनी घेतला आणि नव्यानं बांधला, हे आपल्याकडच्या इतिहासप्रेमींना ठाऊक असेलच. पण मराठी मुलखात गेल्या शतकात 'अर्नाळकर' म्हटलं की किल्ला कुणाला आठवत नसे. आठवायचं ते रात्रीचं मुंबई शहर, भरधाव मोटार, बंद तिजोरी आणि अंधारात उभा असलेला एक माणूस.

बाबुरावांच्या नावावर हजाराच्या वर पुस्तकं आहेत. गिनेस बुकात या संख्येची नोंद झाली. नेमका आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा दिलेला दिसतो, म्हणून मी हजारच धरून हिशेब मांडतो. लेखनाची जवळजवळ पन्नास वर्षं धरली तर वर्षाला वीस पुस्तकं, म्हणजे साधारण अठरा दिवसांत एक. तुलना करायची तर जगात सर्वांत जास्त खपलेल्या रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती यांच्या रहस्यकादंबऱ्या ६६. एडगर वॉलेस हा इंग्रजीतला झपाट्यानं लिहिणारा म्हणून प्रसिद्ध, त्याच्या कादंबऱ्या दीडशेच्या वर. बाबुरावांचं एकेक पुस्तक त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा बरंच लहान असे, हे खरं. तरीही अठरा दिवसांत एक हा वेग, तोही पन्नास वर्षं, म्हणजे रोजची हजेरी लावून केलेलं काम आहे. स्फूर्तीची वाट पाहणाऱ्याला हे जमत नाही. गिरणीकामगार पाळीवर जावा तसं लिहायला बसावं लागतं.

हे कसं शक्य होतं, तेही समजून घेतलं पाहिजे. दरवेळी नवी माणसं घडवावी लागली असती तर हजार पुस्तकं झाली नसती. बाबुरावांनी नायक ठरवून ठेवले होते. झुंजार, त्याची बायको विजया. काळा पहाड. धनंजय आणि त्याचा मदतनीस छोटू. प्रत्येकाची तऱ्हा ठरलेली, बोलणं ठरलेलं. वाचकाला पहिल्या पानावर ओळख करून द्यावी लागत नसे. गोष्ट थेट सुरू व्हायची. वाचकालाही तेच हवं असायचं. आपल्याकडे कीर्तनाला जाणाऱ्याला नारद कोण आहे ते सांगावं लागत नाही, तसंच हे.

गोष्टींची वंशावळ

बाबुराव काही आकाशातून पडले नाहीत. त्यांच्या आधी गोविंद नारायण दातार, ज्यांना सगळे दातारशास्त्री म्हणत (१८७३–१९४१), यांनी रेनॉल्ड्स या इंग्रजी कादंबरीकाराच्या गोष्टी मराठी वेषात आणल्या होत्या. गुहा, भुयारं, वेषांतर, सूड, हरवलेला वारस असा सगळा मालमसाला. नाथमाधव (१८८२–१९२८) यांच्या अद्भुत कादंबऱ्यांनीही एका पिढीची झोप उडवली होती. उत्तरेकडे देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' १८८८ पासून लोकांना तिलिस्मात अडकवत होती, आणि ती वाचण्यासाठी लोक देवनागरी शिकले असं आजही सांगतात. इंदूर या दोन्ही प्रवाहांच्या संगमावर बसलेलं शहर. एकाच घरात आजोबा दातारशास्त्री वाचत आणि नातू खत्री.

बाबुरावांनी केलं ते असं, की भुयार आणि राजवाडा सोडून गोष्ट शहरात आणली. टेलिफोन, टॅक्सी, क्लब, बँक, विम्याचा दावा, गोदी, चाळ, बंगला. इंग्रजी रहस्यकथांचा आधार त्यांनी भरपूर घेतला, हे लपवण्यात अर्थ नाही. धनंजय-छोटूच्या मागे शेरलॉक होम्स-वॉटसन उभे आहेत, हे कुणालाही दिसतं. झुंजार वाचताना लेस्ली चार्टरिसचा 'सेंट' आठवतो, ज्याची पहिली कादंबरी १९२८ ची. त्याही आधी हॉर्नंगचा रॅफल्स (१८९९) आणि मोरिस लब्लांचा आर्सेन ल्यूपँ (१९०५) हे सभ्य चोर युरोपात लोकप्रिय झाले होते. म्हणजे काय, की पोलिसांना चकवणारा, दुष्ट श्रीमंतांना लुटणारा, पण स्वतःचा एक न्याय असलेला माणूस. काळा पहाडही याच जातीचा.

पण उसनवारी एवढं म्हणून विषय संपत नाही. उसनं बी आपल्या मातीत रुजतं का, हा खरा प्रश्न. झुंजार रुजला, कारण माती तयार होती. ही माती आपल्या भागात कशी तयार झाली ते आता सांगतो.

पाताळपाणी

मुंबईहून इंदूरला यायचं तर जुन्या काळी खंडव्याला गाडी बदलायची आणि छोट्या लाईनीनं वर यायचं. महूच्या अलीकडे घाट लागतो, धबधबा लागतो, ते पाताळपाणी. तिथं तंट्या भिल्लाचं स्थान आहे. तंट्यामामा निमाडचा. सावकारांना लुटून गरिबांना देणारा म्हणून लोक त्याला पूजतात, आणि सरकारी कागदात तो दरोडेखोर आहे. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला त्याला फाशी दिलं. देह पाताळपाणीजवळ आणून टाकला असं सांगतात. त्या लाईनीवरची गाडी तिथं क्षणभर थांबायची, तेव्हा आमची आजी डब्यातूनच हात जोडायची. आजी दरोडेखोराला हात जोडते, हे लहानपणी मला विचित्र वाटायचं. पण विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "मामा आहेत ते."

माझी आत्या गिरगावात दिलेली. उन्हाळ्यात ती यायची तेव्हा पिशवीत आमसुलं, कुळथाचं पीठ आणि तळाशी पाच-सहा अर्नाळकर असायचे. त्यातलं एखादं तिनं गाडीतच संपवलेलं असायचं. म्हणजे झुंजार आमच्या घरी आला तो तंट्यामामाच्या ठाण्यावरून. हा योगायोग मी मुद्दाम सांगतो आहे. कायद्याच्या बाहेरचा पण न्यायाच्या आतला माणूस ही कल्पना माळव्या-निमाडच्या वाचकाला इंग्रजीतून शिकावी लागली नाही. ती त्याच्या प्रवासाच्या वाटेवरच होती. लंडनच्या 'सेंट'ला मराठी कपडे घातले की तो इथं परका राहत नव्हता.

ज्याबद्दल घरात बोलत नसत

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण शंभर वर्षं होऊन गेली, आता बोलायला हरकत नाही.

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर एका मोटारीला दुसऱ्या मोटारीनं अडवलं. पहिल्या मोटारीत अब्दुल कादिर बावला हा श्रीमंत व्यापारी होता आणि त्याच्यासोबत मुमताज बेगम, जी इंदूर दरबार सोडून निघून आली होती. हल्लेखोर तिला उचलून न्यायला आले होते. बावलाला गोळ्या घातल्या, तो मेला. मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. नेमके त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तिथं पोचले. त्यांतल्या लेफ्टनंट सीगर्टनं हातातल्या गोल्फच्या काठीनं हल्लेखोरांशी झुंज दिली आणि स्वतः गोळ्या खाल्ल्या. ते अधिकारी वाट चुकले नसते, वेळ चुकले नसते, तर हा गुन्हा कदाचित उघडच झाला नसता. एखाद्या रहस्यकथेत हे लिहिलं असतं तर वाचक म्हणाला असता, "हे जरा फारच झालं."

मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे नऊ आरोपींवर खटला चालला. आरोपींचे धागे इंदूरपर्यंत येत होते. दरबारातले सरदार आनंदराव फणसे आरोपींमध्ये होते आणि त्यांच्या वतीनं बॅरिस्टर जिना उभे राहिले. मे १९२५ मध्ये निकाल लागला. तिघांना फाशीची शिक्षा झाली, फणसे यांच्यासह काहींना जन्मठेप-काळ्या पाण्याची. मुंबईत त्याच वर्षी या प्रकरणावर 'कुलीन कांता' नावाचा मूकपट निघाला, होमी मास्टरनी दिग्दर्शित केलेला. म्हणजे मुंबईकराला ही गोष्ट तिकीट काढून बघता येत होती.

मोटार कुणी पाठवली, हा प्रश्न मात्र कोर्टात शेवटपर्यंत नेला गेला नाही. ब्रिटिश सरकारनं महाराजा तुकोजीराव तिसरे यांच्यापुढे चौकशी आयोगाचा पर्याय ठेवला. महाराजांनी चौकशीला सामोरं न जाता २६ फेब्रुवारी १९२६ रोजी मुलगा यशवंतराव यांच्या नावे गादी सोडली. मुमताजला पळवण्याचा हुकूम त्यांचाच होता की दरबारातल्या माणसांचा अतिउत्साह, याचा निवाडा कधीच झाला नाही.

आता त्या काळच्या इंदूरच्या मराठी घरांचा विचार करा. निम्मी घरं सरकारी नोकरीत. कुणी खाजगी खात्यात, कुणी फौजेत, कुणी मोडी दफ्तरात. मुंबईच्या पेपरात रोज रकानेच्या रकाने येत होते, आणि घरात कुणी तोंड उघडत नव्हतं. आमच्या आजोबांनी आयुष्यात या खटल्याचा एकदाच उल्लेख केला, तोही, "त्या वर्षी पेपर लपवून वाचायला लागायचा" एवढाच. लहान मुलांसमोर नाही, बायकांसमोर तर नाहीच. ज्याच्या पगारावर घर चालतं त्याच्याबद्दल संशय बोलून दाखवायचा नाही, हा नियम कुणी लिहून दिलेला नव्हता, पण सगळे पाळत होते.

मुंबईत त्या वेळी चंद्रकांत चव्हाण नावाचा अठरा वर्षांचा तरुण होता. त्यानं या खटल्यावरून काही लिहिलं असा दावा मी करत नाही. मी बोलतो आहे ते वाचकाबद्दल. ज्या शहरानं एक खरं रहस्य शेवटचं पान फाडलेल्या अवस्थेत पाहिलं, त्या शहराला अशी गोष्ट का आवडू नये जिच्यात शेवटच्या पानावर बडा माणूस, मग तो कितीही बडा असो, उघडा पडतोच? अर्नाळकरांच्या कथेत शेठजी, जहागीरदार, प्रतिष्ठित डॉक्टर, कुणाचाही बुरखा फाटू शकतो. आजोबा स्वतः अर्नाळकर वाचत नसत, नाक मुरडत. पण काका-आत्या वाचताना त्यांनी कधी हातातून पुस्तक काढून घेतलं नाही. अडवावं असं त्यांना का वाटलं नाही, याचा मी आता विचार करतो.

दोन कपाटं

इंदूरला मराठी साहित्याचा मोठा मान आहे. १९१७ चं साहित्य संमेलन इथं ग. ज. आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली झालं, १९३५ चं औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या, आणि २००१ चं विजया राजाध्यक्षांच्या. वि. सी. सरवट्यांसारखे लेखक-विचारवंत इथं घडले. महाराष्ट्र साहित्य सभेचं काम आपण सगळे जाणतो. या साऱ्या इतिहासात अर्नाळकरांचं नाव कुठे येत नाही. ते येणारही नव्हतं. समीक्षेनं त्यांना साहित्यात धरलंच नाही.

म्हणून प्रत्येक वाचणाऱ्या घरात दोन कपाटं असत. एक समोरच्या खोलीत, काचेचं. दुसरं नसेच. ती पुस्तकं उशीखाली, पाटीखाली, पिठाच्या डब्यामागे, क्रमिक पुस्तकाच्या पोटात. दिवसाच्या भाड्यानं पुस्तकं देणारी छोटी दुकानं होती. दिवस वाढला की भाडं वाढे, म्हणून एकाच दिवसात घरातले चार जण ते पुस्तक वाचून काढत. आई दुपारी, काका रात्री, आणि मुलं पहाटे, परत करायला जाण्यापूर्वी. खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती पुन्हा विकायला येत. एका प्रतीला किती वाचक मिळत असतील याचा हिशेब कुठल्याच प्रकाशकाच्या वहीत नाही.

आणि आता मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला. दरबाराचा आश्रय गेला, राज्यकारभाराची भाषा हिंदी झाली, आणि मराठी शाळांत मुलं कमी कमी होत गेली. माझ्या पिढीतल्या बहुतेकांचं शिक्षण हिंदीतून झालं. आम्ही घरी मराठी बोलत होतो, पण वाचायचं कशाला? शाळेत मार्क मिळत नव्हते, नोकरीत उपयोग नव्हता. ज्ञानेश्वरी आजी वाचायची, आम्ही ऐकायचो. मग मराठी वाचायला आम्हाला शिकवलं कुणी?

प्रामाणिकपणे सांगतो, मला झुंजारनं शिकवलं. काकांच्या उशीखालचं पुस्तक काढलं, पहिली दोन पानं अडखळत वाचली. 'ळ' हिंदीच्या वर्गात कधी भेटला नव्हता, तो इथं पानोपानी भेटला, काळ्या पहाडात तर नावातच. तिसऱ्या पानावर खून झाला आणि नंतर अडखळायला वेळच उरला नाही. मंडळी, तुमच्यातल्या किती जणांचं असंच झालं असेल? गेल्या महिन्यात मी आपल्याच काही सभासदांना विचारलं. साठीच्या पुढचे जवळजवळ सगळे हसले, आणि मग हळूच एकेक जण आपल्या लपवण्याच्या जागा सांगू लागला. साहित्य सभेनं मराठीचा मान राखला, यात शंका नाही. पण मराठी वाचायची सवय राखली ती या पातळ पुस्तकांनी. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही लागतात.

दोष

बाबुरावांची आरती ओवाळायला मी उभा नाही. इंग्रजीतून घेतलेलं कुठून घेतलं, ते सांगायची पद्धत त्या काळी या लेखनात नव्हती, आणि आजच्या नजरेनं ते बरोबर नाही. हजार पुस्तकांत तीच वळणं पुन्हा पुन्हा येतात. खलनायक खलनायकच असतो, त्याला घर-संसार नसतो. विजयेसारखी धीट बाई आहे खरी, पण बऱ्याच बायका एक तर संकटात सापडायला किंवा फसवायलाच येतात. पोलीस खातं उल्लू दाखवणं ही सोय आहे. भाषा सरळ आहे, पण तिच्यात रेंगाळावं असं फारसं नाही. शेवट कळला की पुस्तक संपलं.

पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला या दोषांतच माल सापडतो. घाईनं लिहिणारा माणूस खोटं सजवत बसत नाही. टॅक्सीत बसल्यावर काय बोलतात, हॉटेलात काय मागवतात, नोकराला कसं हाक मारतात, श्रीमंती कशावरून ओळखायची, भीती कशाची वाटते, हे तो जसं आहे तसं टाकून देतो. मोठ्या कादंबरीकाराच्या मोठ्या विचारात जे हरवतं ते इथं कोपऱ्यात पडलेलं असतं. आपण जुन्या बाजारवहीतून धान्याचे भाव काढतो, तसे यातून एका काळाचे भाव काढता येतात.

पुढे काय झालं

बाबुरावांनी मळलेल्या वाटेवरून पुढे बरेच जण गेले. एस. एम. काशीकर होते. १९७० नंतर गुरुनाथ नाईक आले, मूळचे गोव्याचे, त्यांच्याही पुस्तकांची संख्या हजारावर गेली, आणि त्यांचा कॅप्टन दीप कॉलेजच्या पोरांत झुंजारपेक्षा जवळचा झाला. पुण्याचे सुहास शिरवळकर (१९४८–२००३) रहस्यकथांतूनच वर आले. दारा बुलंद, फिरोज इराणी ही त्यांची माणसं. पुढे त्यांनी 'दुनियादारी' लिहिली आणि समोरच्या खोलीतल्या कपाटात जागा मिळवली.

इंदुरात मात्र एव्हाना चित्र पालटत होतं. स्टेशनवरच्या स्टॉलवर हिंदी पॉकेट बुक्स रचून ठेवलेली असायची. इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' अलाहाबादहून १९५२ पासून येत होती. सुरेंद्र मोहन पाठकांच्या कादंबऱ्या १९६३ पासून येत होत्या. वेद प्रकाश शर्मांचा 'वर्दी वाला गुंडा' आला तेव्हा तर दुसरं काही दिसतच नव्हतं. माझ्या धाकट्या भावानं मराठी रहस्यकथा वाचलीच नाही. त्याला हिंदी सोपी पडायची, आणि ती कोपऱ्यावर मिळायची. तो आजही उत्तम मराठी बोलतो. मराठी पेपर मात्र वाचत नाही. दोघांत सात वर्षांचं अंतर आहे. भाषेचा कुठला दोर नेमका कधी तुटला, याची तारीख काढायला मला आमच्या घराबाहेर जावं लागत नाही.

मग टीव्ही आला, भाड्याची दुकानं बंद झाली, आणि बाबुराव १९९६ मध्ये गेले तेव्हा इंदुरात कुणाला फारसं कळलंही नाही.

एक विनंती

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. अर्नाळकरांचा इंदूरशी काय संबंध? ते इथं जन्मले नाहीत, त्यांच्या नावाची इथं पाटी नाही. संबंध एवढाच, की होळकरांचं राज्य गेल्यावरही दोन पिढ्या मराठी वाचत राहिल्या, आणि त्यात त्यांचा वाटा आहे. आश्रयदाता नसताना भाषा कशी टिकते, याचा इतिहास लिहायचा झाला तर तो दरबारी कागदांत मिळणार नाही. तो उशीखाली होता, आणि मी त्यातला एक ढीग किलोच्या भावानं विकून बसलो आहे.

म्हणून मंडळापुढे साधी सूचना ठेवतो. प्रत्येक सभासदानं आपल्या घरात, नातेवाइकांच्या घरात, गावी, माळ्यावर बघावं. अर्नाळकर, काशीकर, नाईक, कुणाचंही असो, फाटकं असो, शेवटची पानं नसोत, आणावं. आपण त्याची यादी करू: नाव, छापल्याचं वर्ष, किंमत, आणि मुख्य म्हणजे आत काय आहे ते. भाड्याच्या दुकानाचा शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा, कुणाचं नाव, समासात कुणी आधीच लिहून टाकलेलं "खुनी अमुक आहे". तो शिक्का आणि ती तारीख हा इंदूरचा इतिहास आहे, पुस्तक मुंबईचं असलं तरी. ज्यांच्याकडे पुस्तक नाही पण आठवण आहे, त्यांनी ती लिहून द्यावी. नाव नको असेल तर नावाशिवाय.

आत्या आता नाही. काका ऐंशीच्या पुढे आहेत, नजर अधू झाली आहे. त्यांना मी पेटी विकल्याचं अजून सांगितलेलं नाही. परवा त्यांनीच विचारलं, "माझे झुंजार आहेत ना रे माळ्यावर?" मी 'हो' म्हणालो. पुढच्या बैठकीपर्यंत तुमच्यापैकी कुणी निदान एक आणून दिलं, तर ते अर्ध्याहून अधिक तरी खरं होईल, आणि मी त्यांना ते वाचून दाखवीन.